नोटीस न घेणारं घर

पाकीट परत आलं तेव्हा सारिका माझ्या समोरच बसली होती. पोस्टमनने ते टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला तोच शेरा होता: 'घेण्यास नकार'. याआधीची पाकिटंही अशीच चाकणची हवा खाऊन परत आली होती. मी ते फाईलखाली सरकवायला गेले, पण तिने पाहिलं होतं.

"परत आलं ना, मॅडम?"

"आलं."

"माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे."

"माहीत आहे मला."

"त्यातून मी उठलेच नाही, तर आर्या कोणाची?"

वकिलीत इतकी वर्षं गेल्यावर उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नांची भीती वाटत नाही. उत्तर पाठ असलेल्या प्रश्नांची वाटते.

"कायद्याने तिच्या बापाची," मी म्हटलं.

"म्हणजे सुनीलची?"

"नाही. विशालची."

तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. ऑफिसखालच्या डेअरीत कोणीतरी क्रेट आपटत होतं. त्या दिवशी मला त्या आवाजाचा फार राग आला.

सारिकाचं पहिलं लग्न चाकणजवळच्या एका गावात झालं होतं. विशाल तिथल्या शेतकरी घरातला. शेतीचा बराच तुकडा कंपन्यांना गेला, उरलेल्यावर भाडेकरूंच्या खोल्या उठल्या, आणि विशालने पाण्याचे टँकर घेतले. आर्या बोबडं बोलत होती तेव्हा दोघांचं फिसकटलं. घटस्फोट रीतसर कोर्टातून झाला. मुलगी आईकडे राहील आणि बाप तिच्यासाठी दरमहा पोटगी देईल, असं त्यात लिहिलं होतं. पोटगी थोडे दिवस आली, मग थांबली. बाप त्याच्याही आधी थांबला होता. शाळेत घालताना नाही, गोवर निघाला तेव्हा नाही, एकदाही त्याने तोंड दाखवलं नाही.

मग सुनील आला. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या खात्यात. पुनावळ्याला दोघांनी फ्लॅट घेतला. आर्या आता तिसरीत होती. तिला सायकल सुनीलने शिकवली, दाढ दुखली तेव्हा रात्रपाळी करून आलेला सुनीलच तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. ती त्याला पप्पा म्हणते. कायदा मात्र त्याला काहीच म्हणत नाही. सावत्र बाप म्हणजे कायद्याच्या नजरेत आईचा नवरा, बस्स. शाळा त्याची सही चालवून घेते, म्हणून लोकांना वाटतं सगळंच चालतं.

"मृत्युपत्र करून ठेवू का?" सारिकाने विचारलं. "आर्याला सुनीलकडे द्यावं म्हणून?"

मुलगी म्हणजे फ्लॅट नव्हे, की कोणाच्या तरी नावावर करून टाकला. बाप जिवंत असताना आईच्या मृत्युपत्रातला पालक सहसा टिकत नाही, हे मी तिला सांगितलं. पक्का उपाय एकच होता. सुनीलने आर्याला कायदेशीर दत्तक घ्यायचं. त्याचा अर्ज जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षातून जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. आदेश झाला की सावत्र बाप पूर्ण बाप होतो, आणि जन्मदात्या बापाचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही संपतात. पण त्या अर्जाला जन्मदात्या बापाची संमती लागते. तीच मागणारी माझी नोटीस विशालच्या घरून परत येत होती. संमतीशिवाय पुढे जायचं, तर बापाने मुलीला वाऱ्यावर सोडलंय हे कोर्टात सिद्ध करा. त्याला किती वर्षं लागतील हे सांगायला मी ज्योतिषी नाही. सारिकाकडे एक महिना होता.

कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये एका मित्रवकिलाने फुकटचा सल्ला दिला. "थकलेल्या पोटगीची वसुली लाव. धावत येईल."

मी तो सारिकापुढे ठेवला. ती एकदम म्हणाली, "नको. त्याचा पैसा घरात आला की मागून तोही येणार. इतकी वर्षं मी मागितला नाही तो उगाच का?"

तिचं खरं होतं. पोटगी आणि भेटीचा हक्क या कायद्यात वेगळ्या गोष्टी आहेत, पण माणसाच्या डोक्यात एकच असतात. पैसे दिले की तो विचारणार, पोरगी कुठंय. आणि ऑपरेशनच्या तोंडावर तिला तेच नको होतं.

दोन दिवसांनी सुनील ड्यूटी सुटल्यावर कंपनीच्या युनिफॉर्मवरच आला. दारात उभं राहूनच बोलू लागला.

"गेटवर गाठलं मी त्याला, मॅडम. टँकर खाली करायलाता. म्हणलं, भाऊ, दोन मिनिटं. मी आर्याचा... म्हणलं, सारिकाचा नवरा."

"मग?"

"त्यानं हातच जोडले. म्हणला, जमिनीचं काय असंल ते आईशी बोला, मी कशावर सही करत न्हाई."

"जमिनीचं?"

"जमिनीचंच बोलायलाय तो. म्हणलं, जमीन कशाची, लेकराचं बोलायलोय मी. तर गाडीत बसून निघून गेला. मी जास्ती ताणलं नाही मॅडम. त्याच्याच गावची पोरं आमच्या कंपनीत लेबर पुरवतात. आपण बाहेरची माणसं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि स्वतःची चीडही आली, कारण हे मला आधीच सुचायला हवं होतं.

कंपन्या आल्या आणि चाकणच्या बाजूला जमिनीला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून तिथल्या घराघरात कोणी ना कोणी कोर्टात आहे. बहिणीने भावावर, आत्याने भाच्यावर, चुलत्याने पुतण्यावर वाटणीचा दावा लावलेला असतो. त्यामुळे वकिलाचं नाव छापलेलं पाकीट दारात आलं की ते जमिनीचंच, हे ठरलेलं. आणि घराचा नियमही ठरलेला: पाकीट घ्यायचं नाही, सही करायची नाही, पोस्टमनला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. घेतलंच नाही तर केस झालीच नाही, असा हिशोब. कायद्याचा हिशोब नेमका उलटा आहे. नोटीस नाकारली तर ती मिळाली असंच धरतात. या शहाणपणापायी घरबसल्या केस हरलेले क्लायंट मी पाहिले आहेत. पण नोटीस मिळाली असं धरता येतं, संमती दिली असं धरता येत नाही. तिला जिवंत माणूस आणि त्याची सही लागते.

म्हणजे विशालने आर्याला नकार दिलाच नव्हता. पाकिटाच्या आत आर्या आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

वकिलाने समोरच्या पार्टीच्या दारात जाऊ नये, असं मी माझ्या ज्युनियर्सना शिकवते. इथे अजून दावा नव्हता, समोर वकील नव्हता आणि महिना संपत चालला होता. मी गेले. काळा कोट घातला नाही, फाईल घेतली नाही, पर्समधलं पेनसुद्धा गाडीत ठेवलं.

रस्त्याला लागून नवा बंगला, त्याच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग, दोरीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे शर्ट वाळत घातलेले. ओट्यावर विशालची आई शेंगा फोडत बसली होती. गावात तिला सगळे आक्का म्हणतात. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वकिलीणबाई का तुमी?"

"हो."

"कागद आणलाय?"

"नाही. हात रिकामे आहेत, बघा."

तिने खरोखर बघितले. मग म्हणाली, "बसा. च्या घ्या."

चहा येईपर्यंत तीच बोलली. "पोरीचा हक्क लावायला आलाय ना सातबाऱ्यावर? मला ठावं हाय. धा वर्सं झाली, आमची नणंद बी कोर्टात गेलीया. आता नात बी चालली."

"आक्का, जमिनीचं नाही. आर्याच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. तिचं काही बरंवाईट झालं तर मुलगी कायद्याने विशालकडे येते. ज्याने तिला वाढवलं तो तिला दत्तक घेतो म्हणतोय. त्याला विशालची संमती हवी, एवढंच त्या पाकिटात होतं."

तिचा शेंगा फोडणारा हात थांबला. "लई दुखणं हाय का सारिकाला?"

"आहे."

"आगं बया." क्षणभर ती नुसती सासू झाली. मग लगेच सातबाऱ्यावर परत आली. "मग घ्या की दत्तक. आमी कशाला आडवं येतोय? फकस्त संगतीनं हक्कसोड लिहून द्या. इशालला दुसऱ्या बायकूचं पोरगं हाय. त्येचं बी बघाया नको?"

हक्कसोड म्हणजे कुटुंबाच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. या भागात बहिणी तो भावांना लिहून देतात, बहुधा सणाला माहेरी आल्या की, आणि बदल्यात साडीचोळी घेऊन सासरी परततात. मी आक्कांना सांगितलं की लहान मुलीचा हक्क आईलाही परस्पर सोडता येत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते, आणि तसा कागद मी करणार नाही.

"मग आमी बी सही करणार न्हाई," ती म्हणाली, आणि परत शेंगा फोडायला लागली.

चहा मात्र चांगला होता.

संध्याकाळी मी सारिका आणि सुनीलला बोलावून सगळं सांगितलं. सुनील पटकन म्हणाला, "द्या की लिहून, मॅडम. आपल्याला कुठं पाहिजे त्यांची जमीन?"

मी त्याच्यावर खेकसलेच. "तुम्ही कोण नको म्हणणारे? तुमची आहे का ती? तिची आहे. आणि ती तिसरीत आहे."

पण मला दुसरी बाजूही सांगावीच लागली. दत्तक गेल्यावर जन्माच्या घराशी नातं तुटतं. जे आधीच मुलीचं झालेलं असतं ते तिचं राहतं. पण वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा आधीच तिचा झाला होता की नाही, यावर आम्ही वकील मंडळी वर्षानुवर्षं भांडू शकतो. म्हणजे दत्तक घेतल्याने आर्याचं नुकसान होण्याचाही संभव होता. आईबापाला हे न सांगता फॉर्म भरून घेणारे वकील असतात. त्यांना रात्री झोपही चांगली लागते.

सारिकाने माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "जमीन तिला मिळेल न मिळेल. मी गेले तर त्या दिवशी संध्याकाळी तिला घरी कोण नेणार, एवढं आधी ठरवा."

मी पुन्हा आक्कांकडे निरोप धाडला, तुमच्या वकिलाला विचारून बघा म्हटलं. उत्तर आलं नाही. सारिकाच्या तपासण्या सुरू झाल्या. तिचा फोन आला की मला उचलावासा वाटेना.

आणि एका दुपारी विशाल एकटाच ऑफिसात आला. टँकरची किल्ली हातात, बूट बाहेर काढून. मी त्याला घमेंडी माणूस समजत होते. समोर बसलेला माणूस खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"आईला सांगितलं न्हाई मी इथं आलोय ते," तो म्हणाला. मग किल्लीशी खेळत, "तिला ठावं हाय का मॅडम? मी हाय म्हणून?"

"माहीत आहे. आईने लपवलेलं नाही."

"मग काय म्हणती?"

"काही म्हणत नाही. तुम्ही कधी गेलात का तिच्याकडे?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? पैसं थकलं, मग लाज वाटाय लागली. मग लाज थकली." त्याने नाक पुसलं. "कुठं करू सही सांगा. ह्यो तरी उपेग होऊ द्या माझा."

मसुदा माझ्या टेबलावरच होता. पेन त्याने स्वतःच उचललं. मनात आलं, करू दे. मग मी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"आधी ऐका. ही सही केली की कायद्याने तुम्ही तिचे कोणी नाही. भेटायचा हक्क नाही, तिच्या कुठल्या गोष्टीत शब्द नाही. पुढची पोटगीही नाही. तिचं नाव बदलेल. उद्या तुमचं मन फिरलं तर मागे येता येणार नाही. मी सारिकाची वकील आहे, तुमची नाही. तुमच्या वकिलाला विचारा, घरी जा, विचार करा. अजून करायचीच असेल तर मी तारीख कळवीन, त्या दिवशी बालसंरक्षण कक्षात, अधिकाऱ्यांसमोर करा."

तो उठला, बूट घातले आणि गेला.

सारिकाला मी फोन केला. तिचा आवाज चढला. "पेन त्याच्या हातात होतं, मॅडम! पेन हातात होतं आणि तुम्ही त्याला घरी पाठवलंत? आक्कांपुढे तो एक शब्द बोलत नाही. मी त्या घरात नांदलेय, मला माहितीय. आता तो येत नसतो."

मी समजावलं की न समजता दिलेली संमती उद्या तोच मोडू शकतो, फसवून घेतली म्हणू शकतो. तिने फोन ठेवून दिला. तिची चूक नव्हती. मी बरोबर होते याबद्दल मला शंका नव्हती, आणि तरीही त्यानंतर अन्न गोड लागलं नाही. बरोबर वागूनही मुलगी भलतीकडे जाऊ शकते, हे कायद्याच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

बालसंरक्षण कक्षात जायचा दिवस ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात होता. बाकावर सारिका, सुनील आणि मध्ये आर्या, दोन वेण्या, शाळेचा युनिफॉर्म. सुनील सारखा जिन्याकडे बघत होता. वेळ झाली, वेळ टळली. आत अधिकारी बाईंनी मला विचारलं, "वडील येणार आहेत ना?" मी "येतील" म्हटलं. ते मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

मग जिन्यावर पावलं वाजली. विशाल वर आला, आणि त्याच्यामागे कठड्याला धरत आक्का.

सारिकाने माझा हात पकडला. आक्का आली म्हणजे संपलं, असंच मलाही वाटलं. पण आक्का आमच्याकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. विशाल आत गेला. मी सांगितलं होतं तेच सगळं बाईंनी त्याला पुन्हा सांगितलं आणि समजलं का विचारलं, सावकाश. तो प्रत्येक वेळी "व्हय" म्हणाला. सही करताना त्याचा हात थोडा थांबला, मग चालला.

नंतर त्यांनी आर्याला आत घेतलं. या वयाच्या मुलाला विचारतातच. "तुला हे हवंय का बाळा?" म्हटल्यावर तिने विचारलं, "मग माझं नाव आर्या सुनील होणार? वहीवरपण?" हो म्हटल्यावर ती "चालेल" म्हणाली. दाराशी उभा असलेला विशाल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

बाहेर आल्यावर आक्कांनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. आर्याच्या कपाळाला बोट लावलं, आणि एक नवाकोरा, जरीच्या काठाचा फ्रॉक तिच्या हातावर ठेवला. माझ्यातली वकील ताडकन उठली. साडीचोळी दिली म्हणजे हक्क सुटला, हीच ती रीत, फक्त मापाने लहान.

"आक्का, याने हक्क सुटत नाही हां," मी म्हटलं.

"ठावं हाय. आमचा वकील बी तेच बोलला. पर इशालनं माझं ऐकलं न्हाई, म्हणला सही करणारच." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हक्क सोडला तवा माझ्या भावांनी मला लुगडं दिलं हुतं. मी बी काय बोलले न्हाई. पर लेक घरातनं जाती, ती रिकाम्या हातानं कशी जाईल?"

आर्याने फ्रॉक अंगाला लावून पाहिला. तो तिच्या कमरेपर्यंतही पोचेना. दोन-अडीच वर्षांच्या मुलीचं माप होतं. आक्कांनी तिला शेवटचं पाहिलं होतं त्या वयाचं. आक्का बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून जिना उतरायला लागली.

ऑपरेशन नीट पार पडलं. आदेश त्यानंतर काही आठवड्यांनी आला. मधले दिवस आम्ही सगळ्यांनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. सारिका आता माझा जिना न थांबता चढते. पेढे घेऊन आली तेव्हा तिने फोन आपटल्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही तो विषय काढला नाही. फ्रॉकचं काय केलं, असं मात्र मी विचारलं.

"ठेवलाय कपाटात. टाकवत नाही."

"ठेव. अठरा वर्षांची झाली की जमिनीचं काय करायचं ते तिला ठरवू दे. फ्रॉक घेतला म्हणून काही बिघडत नाही."

तेव्हापासून चाकणच्या बाजूला काही कळवायचं असलं तर मी आधी माणूस पाठवते, मग पाकीट. माणसाला तिथे निदान चहा मिळतो. कागदावर आर्याचा बाप बदलायला एक सही पुरली. त्या घराला ती केवढी झालीय हे कळायला मात्र फ्रॉक आखूड पडावा लागला.